रात्री जागं कोण राहणार

मोटरसायकलवर एका दिवसात सोळाशे किलोमीटर करायला पहाटे चारला पुण्यातून निघालेल्या एका रायडरने घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लाइव्ह लोकेशन टाकलं होतं. सकाळभर त्या घरात दुसरा विषय नव्हता. खंबाटकी चढला, कोल्हापूर मागे पडलं, बेळगाव आलं, असं पोळ्या लाटता लाटता, डबे भरता भरता एकेक जण बघून जात होता. बाराच्या ठोक्याला नकाशावरचा ठिपका नाहीसा झाला. आईने फोन लावला, उचलला गेला नाही. मग बायकोने लावला, मग बहिणीने, मग नाशिकच्या मामांनी, कारण तोवर आईने त्यांनाही कळवून टाकलं होतं. तिकडे दावणगेरेच्या जवळपास, हँडलवर लावलेल्या मोबाइलमध्ये नकाशा झाकून एकामागून एक कॉल येत होते आणि बॅटरी उतरत होती. शेवटी त्याने भर महामार्गाच्या कडेला गाडी थांबवली, ग्लोव्ह्ज उतरवले, हेल्मेट काढलं, फोन घेतला. पलीकडे आई रडत होती. याचा आवाज चढला, तिचाही चढला. घडलं होतं इतकंच, की व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त आठ तासांसाठी लावता येतं. चार आणि आठ, बारा. पुढे काहीही वाईट झालं नाही, तो सुखरूप घरी पोचला. तरी ही हकिगत ऐकल्यापासून मनातून जात नाही. त्या अर्ध्या तासात प्रत्येकाने जे केलं ते मायेपोटी केलं, आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीने तो थोडा थोडा धोक्यात गेला. ट्रकच्या वाऱ्याने हलणारी गाडी, चढलेला पारा, उतरलेली बॅटरी, आणि अजून हजार किलोमीटर बाकी.

जीव तर सगळ्यांचाच टांगलेला असतो. त्या जिवाचं नेमकं करायचं काय, हे मात्र कुणी बसून ठरवत नाही.

ज्यांच्या घरात हे वेड शिरलंय त्यांना 'सॅडलसोअर' हा शब्द नवा नाही. लांब पल्ल्याच्या मोटरसायकल राइड तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकेतल्या आयर्न बट असोसिएशनची ही पहिली पायरी, २४ तासांत १००० मैल, म्हणजे १६०९ किलोमीटर. आपल्याकडचे बरेच जण त्यासाठी पुणे-बंगळूर-पुणे हाच रस्ता धरतात, कारण समृद्धीवर दुचाकीला बंदी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही बंदी. गाडीचं मीटर दोन-चार टक्के जास्त दाखवतं आणि अंतर नकाशावर मोजून तपासलं जातं, म्हणून शहाणा माणूस १६४० तरी धरून चालतो. बंगळूरच्या अलीकडे नेलमंगलाच्या आसपास वळलं की तेवढं होतं. आता घरच्यांनी एकदा कागद घेऊन हा भागाकार स्वतः करून बघावा. चौपदरी महामार्गावर दुचाकीला ताशी ८० ही केंद्राने २०१८ साली ठरवलेली कमाल मर्यादा. ती पाळून, चाक फिरत असतानाची सरासरी ७६ पडली, तर १६४० किलोमीटरला २१ तास ३५ मिनिटं लागतात. थांब्यांसाठी उरतात २ तास २५ मिनिटं. त्यात सात वेळा पेट्रोल, प्रत्येकी दहा मिनिटं धरली तर एक तास दहा मिनिटं तिथेच गेली. खाणं, लघवी, चेनला तेल, एक डुलकी, सगळं मिळून जेमतेम सव्वा तास. आणि ही ७६ची सरासरीसुद्धा कागदावरची आहे. सातारा ते कोल्हापूर पट्ट्यात रुंदीकरणाची वळणं लागली, हुबळी-धारवाड बायपासवर एखादा कंटेनर आडवा झाला, की तीही हातून गेली. म्हणजे मर्यादेत राहून चालवणाऱ्याला प्रमाणपत्र मिळेलच असं नाही, हे निघण्याआधीच घरातल्या सगळ्यांना माहीत असायला हवं, त्यालाही आणि वाट बघणाऱ्यांनाही. हा भागाकार ज्या घरात होतो तिथे 'अरे दोन मिनिटं बोल तरी' असं कुणी म्हणत नाही. वेळ भरून काढायला शंभर-एकशेदहाने हाण, असं तर अजिबातच म्हणत नाही.

घरच्यांची खरी कामं निघायच्या दिवशी नसतात, ती आठवडाभर आधी सुरू होतात, आणि त्यातली बरीचशी गाडीशी संबंधित नसतात. सगळ्यांत मोठं काम झोपेचं. एका रात्रीच्या झोपेवर हे निभत नाही. आधीच्या तीन-चार रात्री सलग सात-सात तास मिळाले तर शरीर साथ देतं. म्हणजे त्या आठवड्यात लग्न, बारसं, गावाकडून येणारे पाहुणे, रात्री साडेदहापर्यंत लांबणारी सोसायटीची मीटिंग, यातून त्या माणसाला सोडवायचं. तो स्वतः नाही म्हणू शकत नाही, त्याच्या वतीने घरच्यांनी म्हणावं. दुसरं काम औषधांचं. दोन दिवस आधी नाक वाहायला लागलं की आपल्या घरांत डब्यातली सर्दीची गोळी पुढे येते. ॲलर्जीच्या आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, काहींची दुसऱ्या दिवशीपर्यंत उरते. सर्दी इतकी असेल की गोळीशिवाय चालणार नाही, तर राइड पुढे ढकलायची. खोकल्याच्या बाटलीचंही तेच.

गाडीच्या बाबतीत मित्रांनी एकच पथ्य पाळायला लावावं, शेवटच्या आठवड्यात नवीन काही बसवायचं नाही. सर्व्हिसिंग आठ-दहा दिवस आधी, आणि त्यानंतर दोनशे-तीनशे किलोमीटर चालवून बघायची. ऑइल बदलताना नीट न आवळलेला ड्रेन बोल्ट, चाक काढून लावल्यावर अर्धवट राहिलेला ॲक्सलचा नट, या गोष्टी पहिल्या दोनशे किलोमीटरांतच उघड्या पडतात. त्या सिंहगड रोडवर कळाव्यात, हावेरीच्या पुढे नव्हे. नवीन टायरवरचा गुळगुळीत थर जायलाही शंभर-दीडशे किलोमीटर लागतात. सीटवरचं नवं जेलचं कुशन, नवे बूट, नवी राइडिंग पँट यांचंही तसंच. चार तास बसल्याशिवाय शिवण कुठे टोचते ते कळत नाही, आणि चौदाव्या तासाला त्याच शिवणीची जखम झालेली असते. म्हणून आतून शिवण नसलेली सायकलची चड्डी बरी, साधी सुती नको, ती घाम धरून ठेवते. सामानाची यादी ज्याने त्याने करावी, पण क्लचची जादा केबल जुन्या केबलला समांतर बांधूनच ठेवली तर रस्त्यात वीस मिनिटांत बदलून होते, हे मित्राने आधी एकदा पार्किंगमध्ये त्याच्या हातून करवून घ्यावं. ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चरच्या पट्ट्या, रीमर आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप. आऱ्यांच्या चाकात ट्यूब असेल तर दोन्ही मापांच्या ट्यूब आणि टायर काढायच्या पट्ट्या. तेही आधी एकदा करून बघितलेलं असावं. अंधारात, टॉर्च दातांत धरून, पहिल्यांदाच शिकायची ही विद्या नाही.

मग येते आदली संध्याकाळ. पहाटे तीनला निघायचं ठरलं असेल तर त्याला सातला आडवं व्हायला हवं. तीनच का, तर मध्यरात्री दोन ते पहाटे सहा हा झोपेचा सर्वांत जड काळ असतो, आणि तीनला, झोप पुरी करून निघालेला माणूस, सगळं सुरळीत झालं तर पुढच्या रात्री पावणेतीनच्या आत घरी येतो. चार-पाचला निघालं तर तोच जड काळ थकलेल्या अवस्थेत कराड-सातारा पट्ट्यात गाठतो. पण सातला झोपणं हे आपल्या घरात किती अवघड आहे बघा. सात म्हणजे कुकरच्या शिट्ट्यांची वेळ. सात म्हणजे मालिका, शेजारचे काका, दुधाचा हिशेब, मुलांचा अभ्यास, वरच्या मजल्यावरचं खुर्च्यांचं ओढणं. ज्या घरांनी हे जमवलंय तिथे स्वयंपाक पाचलाच उरकलेला असतो, दाराची घंटा बंद केलेली असते, मुलं आजीकडे धाडलेली असतात, आणि खोलीच्या खिडकीला जाड चादर लावलेली असते. बाहेरच्या खोलीत माणसं चपला न घालता वावरतात, कुजबुजत बोलतात. आत तो जागाच असतो कदाचित, छताकडे बघत. हरकत नाही. अंधारात पडून राहिलं तरी शरीराला काहीतरी मिळतं. त्या संध्याकाळी सामान परत उघडून बघायचं नाही, हेही कुणीतरी सांगावं लागतं.

पहाटे हातावर दही-साखर ठेवायची. औक्षण करून घ्यायचं असेल तर करावं, पण फोटो आदल्या दिवशी काढून घ्यावेत.

खाण्याबद्दल घरच्यांचं आणि रायडरचं कधी पटत नाही. आईला वाटतं पोटभर जावं, आणि पोटभर खाल्लं की तासाभरात डोळे जड होतात. पुरी-भाजी, दहीभात, श्रीखंड हे सगळं परतल्यावर. बरोबर द्यायचं ते ग्लोव्ह्जचा एक हात काढून दोन घासांत संपेल असं. दशम्यांच्या छोट्या गुंडाळ्या, राजगिऱ्याचे लाडू फोडून केलेले तुकडे, चिक्की, खारे शेंगदाणे, केळी. दर थांब्याला थोडं, जेवण म्हणून काही नाही. पाणी पाठीवरच्या दोन लिटरच्या पिशवीतून नळीने सतत. तहान लागल्यावर प्यायलं तर उशीर झालेला असतो, डोकं दुखायला लागलेलं असतं, आणि ती डोकेदुखी माणूस हेल्मेटच्या माथी मारतो. ओआरएसची पाकिटं चार-पाच. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय, हे लाज न बाळगता त्याला सांगून ठेवावं.

आता त्या ठिपक्याकडे येऊ. माझं ठाम मत आहे, की अशा राइडला घरच्यांकडून एकाच माणसाने बोलायचं. आई, बायको, बहीण, मित्र, सगळ्यांना माहिती हवी, ती त्या एका माणसाकडून घ्यायची. रायडरला थेट फोन फक्त तोच करणार. तो माणूस घरातला सर्वांत जवळचा असलाच पाहिजे असं नाही. सर्वांत शांत असावा. बहुतेक घरांत अशी एखादी वहिनी किंवा धाकटा भाऊ असतो. त्याच्यासमोर एक छापील कागद असतो. कोल्हापूर सहा वाजून पाच, हुबळी नऊच्या आत, चित्रदुर्ग बाराच्या आत, नेलमंगला अडीच. परतीला चित्रदुर्ग पाच, हुबळी आठ, कोल्हापूर सव्वाअकरा, पुणे पावणेतीन. प्रत्येक वेळेपुढे एक सूट लिहिलेली, दिवसा पाऊण तास, रात्री अर्धा तास. थांब्यावरून रायडर दोनच शब्द पाठवतो, 'हुबळी. ठीक.' मेसेजला त्याहून जास्त उशीर झाला तर आधी नकाशा बघायचा. ठिपका सरकत असेल तर काहीच करायचं नाही. ठिपका एका जागी असेल आणि ती जागा पंप किंवा हॉटेल असेल तर आणखी वीस मिनिटं थांबायचं, बहुधा तो डुलकी घेतोय. रस्त्यातच थांबला असेल तर एक फोन, एकच. उचलला नाही तर दहा मिनिटांनी दुसरा. मग त्या भागातला मित्र. मग १०३३, ही महामार्गाची हेल्पलाइन, किंवा ११२. शेवटचा दिसलेला किलोमीटर, दिशा, गाडीचा नंबर, जॅकेटचा रंग, हे सगळं कागदावरच लिहिलेलं असतं, कारण त्या क्षणी आठवत नाही. नकाशासाठी गुगल मॅप्सवरचं लोकेशन शेअरिंग बरं, ते 'बंद करेपर्यंत' लावता येतं आणि त्यात समोरच्या मोबाइलची बॅटरी किती उरलीय तेही दिसतं. व्हॉट्सॲपचंच वापरायचं असेल तर तीनला निघालेल्याने ते अकराच्या आत आणि मग सातच्या आत पुन्हा लावायचं, आणि ही गोष्ट कागदावर मोठ्या अक्षरात लिहायची. मोबाइल बॅटरी सेव्हरवर गेला की ठिपका गोठतो, हेही माहीत असावं. पावसात चार्जिंगच्या तोंडात पाणी गेलं तर गाडीवरचं चार्जिंग बंद पडतं, म्हणून टँक बॅगेत पॉवर बँक वेगळी.

आणि हा माणूस रात्री जागणार असेल तर त्यानेही दुपारी झोपावं. किंवा दोघांनी पाळी लावावी, दहापर्यंत एक, पुढे दुसरा. रात्री एक वाजता पेंगत असलेल्याने केलेला फोन रस्त्यावरच्या पेंगत असलेल्याच्या काही उपयोगाचा नसतो.

वाटेत भेटणारे मित्र हा या राइडचा सर्वांत सुंदर भाग. त्यात चुकाही सर्वांत जास्त होतात. कोल्हापूरचा मित्र पहाटे साडेपाचला उठून आलेला असतो, हौसेने शिरोलीच्या पुलाखाली चुकीच्या बाजूला उभा राहतो, आणि रायडर पलीकडच्या मार्गिकेवरून निघून जातो. महामार्गावर बाजू ही पहिली गोष्ट. जाताना कुठला पंप, येताना कुठला, दोन्हींची वेगळी पिन आधी पाठवायची आणि मित्राने वेळेच्या वीस मिनिटं आधी तिथे उभं असायचं. गाडी आली की तिने पंपाकडे जायचं, मित्राकडे नाही. रायडर उतरून थेट स्वच्छतागृहात. मित्र टाकी भरून घेतो, काठोकाठ नव्हे, झाकणाखाली बोटभर सोडून. तेवढ्यात ओल्या कपड्याने व्हायझर, म्हणजे हेल्मेटची काच. त्यावर किडे वाळलेले असतात, घासले तर ओरखडे पडतात, म्हणून ओलं फडकं मिनिटभर नुसतं ठेवायचं आणि मग एकाच दिशेने पुसायचं. हे साधं वाटतं, पण परतीला संध्याकाळी पाच ते साडेसहा चित्रदुर्ग ते हावेरी पट्ट्यात सूर्य डाव्या बाजूने समोरून डोळ्यांत येतो, आणि मळका व्हायझर त्या उजेडात दुधी काचेसारखा होतो. गडद व्हायझर असेल तर रात्रीचा पारदर्शक व्हायझर मित्राने हातात तयार ठेवायचा. चेन गरम असतानाच आतल्या बाजूने ल्यूब, मागचं चाक हाताने फिरवत, इंजिन बंद. चालू इंजिनावर, गिअरमध्ये चाक फिरवत चेन पुसायला गेलेल्यांची बोटं गेलेली आहेत. चेनची ढिलाई बघायची, कंपनीच्या पुस्तकात दिलेली असते, बहुतेक गाड्यांना दोन-तीन सेंटीमीटर. लोंबायला लागली असेल तर वळायच्या थांब्यावर आवळायची, मध्येच नाही.

बिल हा वेगळाच विषय. चारचाकीला फास्टॅगच्या नोंदी असतात. दुचाकीला टोल माफ, त्यामुळे टोलनाक्यावर तिचा माग राहत नाही. कधी, कुठे होता याचा असोसिएशनला द्यायचा पुरावा म्हणजे पंपाचं छापील बिल. घड्याळ सुरू होतं तेही पहिल्या बिलावरच्या वेळेपासून आणि थांबतं शेवटच्या बिलावर. म्हणून मित्राने बिल हातात घेऊन आधी तारीख, वेळ आणि गावाचं नाव वाचायचं. यंत्राचं घड्याळ कधी चुकलेलं असतं, कधी रोल संपलेला असतो आणि पंपावरचा मुलगा हाताने बिल लिहून देतो, ते काही कामाचं नाही. अशा वेळी कार्ड स्वाइप करून त्याची पावती घ्यायची किंवा शेजारच्या दुकानातून वेळ छापलेलं बिल मिळवायचं. बिल आणि गाडीचं मीटर एकाच फोटोत, तिथल्या तिथे, कारण हा कागद उन्हाने आणि घामाने पांढरा पडतो. पहाटे तीनला पुण्यात कुठल्या पंपाचं यंत्र नीट बिल देतं, हे आदल्या आठवड्यात मित्राने खरंच तीनला जाऊन बघून यावं. मदत म्हणतात ती ही.

हार, पेढे, घोषणा, ग्रुप फोटो यांना त्या दहा मिनिटांत जागा नसते. एक थर्मास चहा आणि खांद्यावर हात पुरतो.

बरोबर निघायचा मोह मात्र आवरावा. रात्री कोल्हापूरपासून पुण्यापर्यंत सोबत देतो म्हणून मित्र गाडी घेऊन पुढे लागतो. तो ताजा असतो, याला वीस तास झालेले असतात. ताजा माणूस नकळत दहाने जास्त पळवतो, आणि थकलेला त्याच्या गाडीच्या लाल दिव्याकडे बघत राहतो, रस्त्याकडे नाही. कारमधून मागे मागे येणं त्याहून वाईट. कारचा उजेड रायडरची सावली त्याच्याच पुढच्या रस्त्यावर टाकतो, खड्डा त्या सावलीत लपतो, आणि दोन्ही आरशांत दिवे भरून राहतात. ठरलेल्या जागी भेटावं, निरोप द्यावा, आणि आपल्या घरी परत जावं.

पण भेटणाऱ्या मित्राकडे एक काम असं असतं, जे दुसरं कुणी करू शकत नाही. थकवा थकलेल्याला कळत नाही. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंद डोळे मिटले तर जवळजवळ नव्वद मीटर कुणीही चालवत नसतं. त्याआधी खुणा दिसतात, त्या बघणाऱ्याला दिसतात. इंडिकेटर चालूच राहिलेला असतो. स्टँड लावायला दोनदा पाय चुकतो. पैसे देताना नोटा मोजता येत नाहीत. साध्या प्रश्नाला उगाच चिडून उत्तर येतं, किंवा येतच नाही. परतीच्या हुबळीला आठ वाजता मित्राने दोन प्रश्न विचारावेत, पुढचं पेट्रोल कुठे आणि तिथवर किती किलोमीटर. उत्तर चटकन, बरोबर आलं तर ठीक. अडखळलं तर आधी कॉफी आणि लगेच वीस मिनिटांची झोप, याच क्रमाने. कॉफी रक्तात भिनायला तेवढाच वेळ लागतो. मित्राने गाडीपाशी बसायचं आणि वीस मिनिटांनी उठवायचं, सव्वा तासाने नाही. उठल्यावरही नजर विरलेली वाटली तर गाडीची किल्ली काढून घ्यायची.

किल्ली काढून घ्यायचा हक्क निघण्याआधी द्यावा लागतो. रात्री आठला, हुबळीच्या पंपावर, बाराशे किलोमीटर मागे टाकून आलेला माणूस कुणाचंही ऐकत नाही. चारशेच तर राहिलेत, म्हणतो. त्याच्या डोळ्यांत पाणी असतं, तोंडात शिव्या असतात, आणि समोरचा त्याचा पंधरा वर्षांचा मित्र असतो. मित्रालाही माहीत असतं की याने सहा महिने याचीच तयारी केली, रजा टाकली, सीटला पैसे घातले. त्या क्षणी मैत्री म्हणजे त्याला जाऊ देणं, असं दोघांनाही वाटू शकतं. म्हणूनच आठवडाभर आधी, घरात सगळ्यांसमोर, रायडरने नाव घेऊन सांगून टाकावं, याने थांब म्हटलं की मी थांबणार आणि वाद घालणार नाही. ज्यांनी हे आधी बोलून ठेवलं नाही त्यांच्यात मग किल्लीवरून झटापटी झालेल्या आहेत. बोलून ठेवलं असेल तर मित्र हात पुढे करतो, किल्ली त्या हातावर येते, आणि पंपामागच्या लॉजमध्ये खोली आधीच पाहून ठेवलेली असते. आदल्या दिवशीच पाहून ठेवायची ती, गाडी आत लावता येईल अशा जागी.

घरी राहणाऱ्यांबद्दल फार कमी बोललं जातं. प्रमाणपत्रावर एकाचंच नाव येतं. बायकोने 'जा' म्हटलेलं असतं, त्यात खुशी किती आणि वाद नको म्हणून दिलेली मोकळीक किती, हे तिलाही नीट सांगता येत नाही. अभिमान असतो, राग असतो, आणि फोन वाजला की पोटात गोळा येतो तो वेगळाच. या भीतीवर समजूत घालून उपाय होत नाही. तयारीने मात्र ती थोडी हाताच्या मापात येते. जॅकेटच्या डाव्या खिशात प्लॅस्टिकमध्ये एक कार्ड, रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं, दोन फोन नंबर, कन्नड आणि इंग्रजीत, कारण अर्ध्याहून जास्त राइड कर्नाटकात आहे. मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर आपत्कालीन माहिती भरलेली. मेडिक्लेमचं कार्ड, आरसी, विमा यांच्या प्रती घरातल्या त्या एका माणसाच्या मोबाइलमध्ये. रस्ते अपघातातल्या जखमीसाठी २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, सात दिवसांपर्यंत दीड लाखांपर्यंतचे उपचार. हे घरच्यांना माहीत असलं तर परक्या गावातल्या हॉस्पिटलशी फोनवर बोलताना पाय थोडे जमिनीवर राहतात. आणि मदत करणाऱ्या वाटसरूला पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यांत अडकवता येत नाही, असं मोटार वाहन कायद्यातच आता लिहिलेलं आहे. फोन कुणी अनोळखी माणसाने उचलला, तर घाबरून ठेवून देण्याआधी त्याला हे सांगावं.

शेवटचं बिल पुण्यातल्या ज्या पंपावर घ्यायचं तिथे दोन माणसं हवीत, आणि त्यातल्या एकाला ती गाडी चालवता येत असावी. घड्याळ थांबलं की रायडरचं अंग सैल पडतं. तिथून घर पंधरा किलोमीटर असलं तरी त्याने ते चालवू नये. गाडी मित्राने आणावी, याने कारमध्ये बसावं. घरी पोचल्यावर कान वाजत असतात, हाताची बोटं मुंग्या येऊन बधिर झालेली असतात, घोटे सुजलेले असतात. गप्पा नकोत. कोमट पाण्याची आंघोळ, मऊ भात, मेतकूट, तूप. भरपूर पाणी. झोप लगेच येत नाही, डोळे मिटले की रस्ता सरकत राहतो, ते एक-दोन तासांत शमतं. बोटांचा बधिरपणा बहुधा चार-सहा दिवसांत जातो. एकाच पोटरीत दुखणं आणि सूज राहिली, किंवा धाप लागायला लागली, तर वाट न बघता डॉक्टर. इतके तास बसून पायात रक्ताची गाठ होऊ शकते. दुसऱ्या दिवशी ऑफिसला रजा, आणि त्या दिवशी कारही दुसऱ्याने चालवायची. दोन-तीन दिवस हा माणूस किरकिऱ्या असतो, त्याचं मनावर घेऊ नये.

अर्ध्यातून परत आलेल्याच्या घरात हे दिवस जास्त अवघड जातात. लॉजमध्ये झोपून दुसऱ्या दिवशी दुपारी आलेल्याला 'असू दे, पुढच्या वेळी होईल' म्हणणंही जड जातं, आणि 'बघ, मी म्हणत होते' हे तर बोलूच नये. किल्ली काढून घेणारा मित्र त्या आठवड्यात घरी यायला बिचकतो. त्याला जेवायला बोलवावं, आणि ते बोलावणं रायडरने स्वतः करावं.

पुन्हा जायचं की नाही, हे महिनाभर ठरवू नये. ठरवायला बसतील तेव्हा रात्री जागलेला तो एक माणूस त्या बैठकीत असलाच पाहिजे, त्याचा कागद घेऊन. कुठल्या थांब्याला दिलेली सूट फार कमी होती, कुठला फोन उगाच केला गेला, कुठल्या पंपाचं घड्याळ चुकीचं निघालं, हे त्याने समासात लिहून ठेवलेलं असतं. तो या वेळी जागायला तयार नसेल तर आधी दुसरा माणूस शोधायचा, तारीख मग.